सातव्या दिवसाची नाडी

"आकडा एकटा सोडू नको, केतकी. त्याच्यासंगं कारण पाठीव."

हे बाळगोंडा मामांचं वाक्य. तीन वर्षांपूर्वी, दुकानातल्या त्यांच्या शेवटच्या दिवशी, पेढे वाटून झाल्यावर त्यांनी ते केतकीला ऐकवलं होतं. केतकीनं ते पेढ्याखालच्या कागदासारखं चुरगळून टाकलं.

"मामा, आता नाडीयंत्र आलंय," ती हसत म्हणाली होती. "कारण कोण विचारतंय? गिऱ्हाइकाला आकडा हवा असतो."

"गिऱ्हाइकाला कुठं म्हाईत असतंय त्याला काय हवं ते," मामा म्हणाले आणि चपला पायात सरकवून निघून गेले.

इचलकरंजीतलं सलीमचाचा मोमीन यांचं दुकान जुन्या गेमिंग डेस्कटॉपचं. पोरांच्या भाषेत 'प्रीबिल्ट'. म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडलेले नव्हेत, तर कंपनीतूनच जोडून, बाजूला काच आणि आत रंगीत दिवे लावून आलेले. खेळ इंटरनेटवरून थेट टीव्हीवर चालायला लागले तेव्हा सगळ्यांना वाटलं, हे काचेचे डबे आता भंगारात. झालं भलतंच. मागावरून उतरणाऱ्या कापडातला तुटका धागा किंवा तेलाचा डाग कॅमेऱ्यानं जागच्या जागी पकडायचा, तर कॅमेऱ्यामागे दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं. ते या डब्यांत आयतं बसलेलं. नवी यंत्रणा घेणं बारक्या कारखानदाराला झेपत नाही. त्यामुळे ज्याच्यावर एखाद्या पोरानं तीन वर्षं राक्षस मारले, तो डेस्कटॉप पुढची सहा वर्षं धोतराचं कापड तपासू लागला.

पण जुन्या डब्याची किंमत करायची कशी? बाहेरून सगळे सारखेच लखलखतात.

मामांची रीत वेगळी होती. ते काचेकडे बघायचेच नाहीत. मागचा पॉवर सप्लाय हातात घेऊन त्याचं वजन बघायचे. "हलका हाय. म्हंजे कंपनीनं दिव्यावर पैसा घातलाय, पोटात न्हाई." मग पंख्याला बोटानं एक गिरकी द्यायची आणि कान लावायचा. मग जाळीवरची कापसाची धूळ चिमटीत धरायची आणि शेवटी नाक आत घालून वास घ्यायचा. एवढ्यावर ते किंमत सांगायचे, आणि सोबत पाच मिनिटं का, कसं, कशामुळं. गिऱ्हाईक कंटाळून जांभया द्यायचं.

केतकीला हे सगळं वैद्यबुवांच्या पुडीसारखं वाटायचं. तिनं इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.एस्सी. केली होती, आणि नाडीयंत्रामागचं शास्त्र तिला ठाऊक होतं.

ते शास्त्र असं. चिपमध्ये अब्जावधी बारके स्विच असतात. प्रत्येक स्विचमध्ये काचेसारख्या पदार्थाचा एक पातळ पडदा असतो. वीज चालू असते तेव्हा काही विद्युतभार त्या पडद्यात अडकून बसतात. चिपला विश्रांती मिळाली की ते सुटू लागतात. काही सेकंदात सुटतात, काहींना महिने लागतात, काही कायमचे तिथेच राहतात. कापसाच्या गादीवर माणूस झोपतो तेव्हा असंच होतं. उठल्यावर गादी थोडी वर येते, सगळी येत नाही. वर्षानुवर्षांचा खळगा राहतोच, आणि त्यात कालच्या कुशीचा ठसाही असतो. नाडीयंत्राची सुई चिपवर टेकवली की ते पडद्यात कुठल्या वयाचे किती भार अडकलेत ते मोजतं आणि शंभरापैकी एक आकडा देतं. शंभर म्हणजे कोरं. चाळीसच्या खाली म्हणजे थकलेलं. त्या आकड्यामागे एक आलेखही असतो. कधी, किती ताण आला त्याचा. अलीकडचे दिवस ठळक, जुने पुसट होत गेलेले. तो आलेख उघडून बघायला दुकानात कोणाला सवड नसे. केतकीलाही नसे.

एकदाच तिनं तो नीट पाहिला होता. घरच्या डेस्कटॉपचा. रोज संध्याकाळी सूतगिरणीच्या याद्या करतोय म्हणणारा तिचा नवरा अभिजित प्रत्यक्षात मोटारींच्या शर्यती खेळत होता, हे तिनं तारखेसह त्याच्यापुढे मांडलं. तेव्हापासून पाहुण्यांसमोर तो म्हणायचा, "लोकांची लग्नं पत्रिकेवर चालतात. आमचं नाडीयंत्रावर चाललंय."

केतकी हसायची. पण माणसानं सांगितलेलं आणि यंत्रानं सांगितलेलं यात कोणाचं धरायचं, हे तिच्या मनात तेव्हापासून पक्कं झालं होतं.

*

शिवलीला मगदूम दुकानात आली ती कडेवर सहा महिन्यांचं बाळ आणि मागे रिक्षावाल्याच्या खांद्यावर डेस्कटॉप अशी.

"जपून हं दादा, काच आहे," ती त्याला सांगत होती. "आमच्या ह्यांचा जीव आहे त्यात. लग्नातसुद्धा माझ्याकडं एवढं बघितलं नसेल."

डबा खरंच देखणा होता. तीन वर्षांचा, पण काचेवर एक ओरखडा नव्हता. वर शिवलेलं कापडी कव्हर, त्याला नाडी आणि नाडीला गाठ.

"मग विकताय का?" केतकीनं फॉर्म भरता भरता विचारलं.

"मध्येच बंद पडून आपोआप चालू होतोय. आणि खरं सांगू, हे बाळ आल्यापासून ह्यांचं खेळात पूर्वीसारखं मन कुठं लागतंय? विकून बाळाला चांगला पाळणा घेऊ म्हणतात."

केतकीनं सुई टेकवली. पडद्यावर आकडा उमटला. एकतीस.

"एकतीस," केतकी म्हणाली. "बराच वापरलाय."

"कशाचं बराच? रोज दीड तास. पाळीवरून आले की जेवायच्या आधी. सुट्टीच्या दिवशी तर हातही लावत नाहीत, सकाळीच गावाकडं शेतावर जातात."

"आकडा एकतीस आहे, ताई. रोज आठ-दहा तास चालल्याशिवाय तीन वर्षांत एवढा उतरत नाही."

"मी सांगते ना, दीड तास."

"यंत्र खोटं बोलत नाही."

शिवलीलाचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "म्हणजे मी बोलते."

"तसं नाही म्हणाले मी."

"तसंच म्हणालात. काय असेल ते द्या." तिनं फॉर्मवर सही केली. बाळानं तेवढ्यात केतकीची ओढणी मुठीत धरली होती. ती सोडवताना शिवलीला कोणालाच उद्देशून नसल्यासारखी पुटपुटली, "आमच्या घरात काही टिकतच नाही बघा. मिक्सर जळला. फ्रीजचं झालं. बल्ब तर महिन्याला एक. माझी सासू म्हणते, सूनच पायगुणाची नाही."

केतकीनं ते ऐकलं, ऐकून सोडून दिलं. तिचं लक्ष बाळाच्या मुठीतल्या ओढणीच्या सुटलेल्या दोऱ्याकडे होतं. तो बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडतं, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. तिनं दोरा कात्रीनं कापून टाकला आणि मग समाधानानं बाळाला टाटा केला.

*

केतकी काळजी करणारी बाई होती आणि ती हे नाकारतही नव्हती. घरात एकही सॉकेट टोपणाशिवाय उघडं नव्हतं. चार वर्षांच्या किट्टूची द्राक्षं ती अजून उभी चिरून देई. झोपलेल्या पोरीच्या नाकापुढे बोट धरून श्वास चालतोय ना हे बघताना अभिजितनं तिला किती वेळा पकडलं होतं.

"तुझ्या पोरीला सर्दी झाली ना, तर विषाणूच घाबरेल," तो त्या संध्याकाळी म्हणाला.

"हस तू. कोणीतरी लक्ष ठेवायला नको?"

"ठेव की. फक्त कधीतरी समोरच्याचं ऐकत पण जा. तीन वेळा सांगितलं, गॅस बंद केलाय. तरी जाऊन बघून आलीस."

"बघितलं म्हणून काय झिजलं?"

"गॅस नाही झिजला. मी झिजलो."

ती हसली खरी. पण अंथरुणावर पडल्यावर शिवलीलाचं वाक्य उगाच आठवलं. *म्हणजे मी बोलते.* तिनं कूस बदलली. आकडा स्वच्छ होता. आकड्यावर रागवून काय उपयोग?

*

शिवलीलाचा डबा रांगेत पाच दिवस पडून राहिला. सहाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास केतकीनं तो साफसफाईसाठी उघडला. सलीमचाचा गल्ल्याजवळ पेपर वाचत होते.

काच काढली आणि ती थबकली.

आत धूळ नव्हती. इचलकरंजीतला डबा आणि आत कापसाची धूळ नाही, हे अशक्य. इथल्या हवेतच कापूस तरंगतो. आठ-दहा तास रोज चाललेला पंखा वर्षभरात गोधडी विणतो. इथे जाळीवर जेमतेम एक मऊ साय होती. रोज दीड तासाची. बाकीचा वेळ कव्हराखाली.

तिनं कितीतरी दिवसांनी मामांसारखी पंख्याला बोटानं गिरकी दिली. पंखा निवांत, गुळगुळीत फिरत राहिला. बेअरिंग जवळजवळ नवं.

म्हणजे पंखा सांगत होता, शिवलीला खरं बोलली. सुई सांगत होती, खोटं. एकाच डब्यात दोन साक्षीदार, आणि दोघांपैकी कोणालाच खोटं बोलून काही मिळणार नव्हतं.

तिनं नाडीयंत्रातला साठवलेला आलेख उघडला.

रोजचा दीड तास तिथे होता. संध्याकाळचा, छोट्या टेकडीसारखा. शिवलीलानं सांगितला तसाच. पण त्या टेकड्यांच्या मधून, ठरावीक अंतरानं, खांब उभे होते. उंच, सरळ. तिनं मोजलं. सात दिवसांनी एक. पुन्हा सात. मागे पुसट होत गेलेले, पण सातच. आणि ज्या दिवशी खांब, त्या दिवशी संध्याकाळची टेकडी नव्हती. म्हणजे त्या दिवशी डबा कोणी चालवलाच नव्हता. तो नुसता भिंतीच्या सॉकेटला जोडलेला होता, कव्हर घालून, गाठ मारून. आणि तरीही त्याला कोणीतरी आतून बडवत होतं.

भिंतीतून.

तिनं पॉवर सप्लाय उपसला. हातात हलका लागला. दिव्यावर पैसा, पोटात नाही. झाकण उघडलं. विजेचा वाढीव दाब झेलणारी निळी चकती काळी पडून तडकली होती. तिनं नाक आत घातलं. जळक्या प्लास्टिकच्या बांगडीसारखा वास.

एकेक धागा मग आपोआप हाताला लागत गेला. मिक्सर. फ्रीज. महिन्याला एक बल्ब. सुट्टीच्या दिवशी नवरा गावाकडे. इचलकरंजीत सुट्टी म्हणजे एकच, माग बंद असतात तो दिवस.

इमारतीत विजेच्या तीन तारा येतात आणि चौथी परतीची, न्यूट्रल. तिन्हींवरची बिऱ्हाडं त्या एका परतीच्या वाटेवर विसंबून असतात. ती चौथी तार सैल झाली की दाब वाटून घेण्याचं गणित बिघडतं. ज्या तारेवर भार जास्त तिथं दाब उतरतो, जिथं भार कमी तिथं चढतो. खाली कारखाना आणि वर बिऱ्हाड ही या गावची जुनी पद्धत, आणि फॉर्मवर शिवलीलाचा पत्ताही 'सूत गुंडाळण्याच्या कारखान्याच्या वर' असाच होता. खाली सूत गुंडाळण्याची मशिनं चालू असतात तोवर त्यांच्या भारानं वरच्या घराचा दाब ताब्यात राहतो. मशिनं बंद झाली, की वरच्या घरातला दोनशेतीसचा दाब तीनशेकडे धावतो. घरात कोणाला काही दिसत नाही. फक्त बल्ब जरा जास्तच पांढरा पडतो.

चांगला पॉवर सप्लाय असता तर त्यानं हा मार निमूट गिळला असता आणि चिपपर्यंत काहीच पोचलं नसतं. कंपनीनं वाचवलेल्या त्या दोनशे ग्रॅम तांब्या-लोखंडामुळेच ही गोष्ट कळत होती.

आणि खांब वाढत होते. दर आठवड्याला थोडा उंच. शेवटचा सगळ्यांत उंच.

"चाचा," केतकी म्हणाली. ती बोटांवर दिवस मोजत होती. "शेवटचा खांब ती बाई यायच्या दोन दिवस आधीचा आहे. ती येऊन किती दिवस झाले?"

"कोण? मगदूमबाई? पाच."

पाच आणि दोन सात. केतकी दारात आली. समोरचा कारखाना गप्प होता. त्याच्या पलीकडचाही. एरवी कानाला ज्याची जाणीवही होत नाही, ती खटखट आज नव्हती.

*

फोन वाजत राहिला. कोणी उचलला नाही. तिनं पुन्हा लावला.

"हे बघ," सलीमचाचा चष्मा कपाळावर चढवत म्हणाले, "पाच दिवसांपूर्वी तू तिला खोटारडी म्हणालीस. आज सांगणार घर जळेल तुमचं. ती काय म्हणंल? आणि नसलं तसं काही, तर गावभर होईल, मोमीनच्या दुकानात किंमत कमी देतात आणि वर शापबी देतात."

"चाचा, घरात सहा महिन्यांचं बाळ आहे आणि ती एकटी आहे."

"मी कुठं जाऊ नको म्हणालो?" त्यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढून काउंटरवर ठेवली. "मी फक्त म्हणालो ती काय म्हणंल. ते ऐकायची तयारी ठेव. वायरमनला मी फोन लावतो. पत्ता दे इकडं."

केतकीनं पिशवीत मीटर टाकला, हेल्मेट घातलं आणि निघता निघता एक नंबर लावला. तीन वर्षांत तिनं तो दिवाळीच्या शुभेच्छांपुरताच वापरला होता.

"मामा, मी केतकी. कापड मार्केटमागच्या गल्लीत, सूत गुंडाळायच्या कारखान्यापाशी याल? न्यूट्रल गेलाय असं वाटतंय."

"वाटतंय का गेलाय?"

"गेलाय."

"मग बोलत काय बसलीस, गाडी हाण."

*

इमारत तीन मजली. खाली सूत गुंडाळण्याचा कारखाना, शटर ओढलेलं. केतकी दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेली. बेल दाबली तर ती नेहमीपेक्षा कर्कश वाजली. किंवा तिला तसं वाटलं.

दार उघडून शिवलीला बघतच राहिली. हात ओले, पदर खोचलेला.

"तुम्ही? काय, पैसे परत पाहिजेत?"

"नाही. आधी मेन स्विच कुठंय ते सांगा."

"का म्हणून?"

केतकीनं तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. छताचा पंखा वेड्यासारखा फिरत होता. भर दिवसा लागलेला बल्ब डोळ्यांत घुसेल इतका पांढरा होता. पलंगावर उशांच्या मध्ये बाळ झोपलेलं आणि त्याच्या उशाशी, भिंतीच्या सॉकेटला, वाफेचं यंत्र.

"सर्दी झालीय त्याला," शिवलीला तिची नजर बघून म्हणाली. "डॉक्टरांनीच सांगितलंय वाफ द्यायला. तुम्ही आता त्याचीपण किंमत करणार का?"

"ताई, मला शिव्या द्या, पण नंतर. बाळाला उचला."

आवाजात काहीतरी असावं. शिवलीला आत धावली आणि बाळाला उराशी घेऊन बाहेर आली. केतकीनं दारामागचा मेन स्विच शोधला. खाली ओढण्याआधी तिनं मीटरच्या सुया सॉकेटात घातल्या, कारण आता तिला नुसतं म्हणायचं नव्हतं, दाखवायचं होतं.

"हे बघा. इथं दोनशेतीस पाहिजे."

तीनशे अठरा.

शिवलीलानं आकडा पाहिला. केतकीनं स्विच ओढला. पंखा मंद होत थांबला, आणि त्या शांततेत दोघींनाही वास आला. वाफेच्या यंत्राच्या प्लगची एक बाजू मेणासारखी ओघळली होती. वर पडद्याचं टोक. प्लगपासून चार बोटांवर.

 बाळ जागं झालं आणि रडायच्या आधी जरा विचार करत बसलं.

*

जिन्याखालच्या मीटरपेटीशी मामा आधीच पोचले होते. लुंगीवर, हातात बॅटरी. पेटीच्या दारापाशी नाक नेऊन उभे.

"ये. वास घे," ते म्हणाले. नमस्कार-चमत्कार काही नाही.

केतकीनं घेतला. तोच, जळक्या बांगडीचा.

"अ‍ॅल्युमिनियमची तार, पितळी स्क्रू," मामा म्हणाले. "दोघांचं पटत न्हाई. तापलं की तार पसरती, निवलं की आकसती, हळूहळू सैल. कोण आवळून बघत न्हाई. का बघत न्हाई? तर लाइट चालू हाय की."

पाऊण तासानं वायरमन आला. स्क्रूला पेचकस लावला तर तार हातातच आली, काळी आणि ठिसूळ. त्यानं शीळ घातली. "हिच्यावर किती दिवस चाललं होतं?"

"सहा महिने तरी," केतकी म्हणाली. "दर आठवड्याला थोडं जास्त."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"लिहून ठेवलेलं होतं," केतकी म्हणाली. "मी वाचलं नव्हतं."

वरच्या मजल्यावर शिवलीलानं गॅसवर चहा ठेवला. मेन बंदच होता. खिडकीतल्या उजेडात ती कपाच्या कडेवरून केतकीकडे बघत राहिली.

"तुम्ही खरं सांगत होता," केतकी म्हणाली. "दीड तास. मी तुम्हाला आकडा सांगितला आणि कारण तुमच्या गळ्यात बांधलं. मला कारण माहीत नव्हतं."

"मग आता किंमत वाढवून देणार का?"

केतकीनं कप खाली ठेवला. मग सरळ उत्तर दिलं. "नाही. डबा थकलाय तो थकलायच. पण तुम्ही नाही थकवला."

शिवलीला हसू दाबायचा प्रयत्न करत होती. तो फसला. "हे वाक्य जरा माझ्या सासूला फोन करून सांगता का? पायगुणाचं?"

"लावा फोन," केतकी म्हणाली.

आणि तिनं खरंच सांगितलं. मिक्सर, फ्रीज, बल्ब, न्यूट्रल, सगळं, कारणासकट. सासूबाई पलीकडून म्हणाल्या, "आता ते न्यूट्रल का फ्यूट्रल मला कळत न्हाई, पण बाळ बरं हाय न्हवं?" एवढ्यावर प्रकरण मिटलं.

निघताना मामा जिन्यात थांबले. केतकीला वाटलं, आता ऐकवणार. तीन वर्षांपूर्वीचं वाक्य, व्याजासकट.

"यंत्र चांगलं हाय तुझं," मामा म्हणाले. "माझ्या नाकाला सहा महिन्यांमागचा वास येत न्हाई."

*

दुसऱ्या दिवसापासून दुकानातल्या फॉर्मवर आकड्याखाली एक रिकामी ओळ आली. 'कारण.' केतकी ती भरल्याशिवाय सही करू देत नाही. सलीमचाचा कुरकुरतात की गिऱ्हाइकं जांभया देतात. देऊ देत, असं ती म्हणते.

पण तेवढ्यानं तिला झोप लागेना. तीन वर्षांत तिनं चाळीसच्या खालचे किती आकडे एकटे सोडले होते? नाडीयंत्रात सगळे आलेख साठवलेले होते. घरी अभिजितनं किट्टूला आणि भाकरीला दोन्हींना सांभाळलं. ("द्राक्षं उभीच चिरलीत. विश्वास ठेव. आणि नाही ठेवलास तर नाडी लाव.") चार दिवस केतकी एकेक आलेख उघडत बसली. दोनशे सहा डबे. त्यातल्या अकरांत तिला ते खांब दिसले. सात दिवसांनी एक.

अकरांपैकी चार घरांतली तार आधीच कोणीतरी बदलली होती. सहा घरांत बदलावी लागली. त्यातल्या एका घरी पेटीचं झाकण उघडल्यावर वायरमन दोन पावलं मागे सरला.

दहा झाले. अकरावा राहिला.

अकराव्याच्या फॉर्मवर नाव आहे प्रभाकर बुगड. वय अडुसष्ट. डबा काळा, पुढे निळी दिव्याची पट्टी. मुलानं परदेशी जाताना मागे ठेवलेला. आकडा चौतीस होता. केतकीला ते गृहस्थ आठवतात. पांढरा शर्ट, खिशाला पेन. आकडा ऐकून ते म्हणाले होते, "मी तर फक्त पत्ते खेळायचो हो त्यावर," आणि केतकी म्हणाली होती, "असू दे काका, सही करा." त्यांचा फोन आता लागत नाही. पत्त्याच्या जागी नुसतं 'कारखान्याच्या वर' एवढंच लिहिलंय. तो फॉर्म केतकीनंच भरून घेतला होता.

या गावात कारखान्याच्या वर हजारो घरं आहेत. केतकी रोज दुकान बंद झाल्यावर दोन गल्ल्या पायाखाली घालते. पण गल्ल्या पुष्कळ आहेत आणि सातवा दिवस ठरलेल्या वेळी येतो. म्हणून तिनं दुकानाच्या काचेवर, गावातल्या सगळ्या फलकांवर एक कागद लावलाय आणि ओळखीच्या प्रत्येक फोनवर तोच पाठवलाय. तो आता तुमच्यापर्यंतही आलाच आहे. त्याचा शेवट असा आहे:

"हे वाचणाऱ्यांना विनंती. तुमच्या इमारतीत वर कुठे एकटे राहणारे प्रभाकर बुगड नावाचे काका असतील, तर माग बंद व्हायच्या आत त्यांचं दार वाजवा. बल्ब वारंवार जातात का, एवढंच विचारा. ते 'हो' म्हणाले तर आधी मेन स्विच खाली ओढा आणि मग मला फोन करा, मी पाच मिनिटांत निघेन. आणि त्यांना माझा एक निरोप सांगा. तुम्ही फक्त पत्तेच खेळत होता, हे आता मला कळलंय."